त्या अर्जात मी ‘आजार’ लिहिलं

गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी सहा वर्षं शिकवलं. एकदा पाचवीतल्या एका माडिया आदिवासी मुलीचा अर्ज भरत होतो. वडील हयात नाहीत, कारण काय? ती गप्प. बाजूची पोर हळूच म्हणाली, “सर, तिच्या बाबाले दादालोकायनं रातच्याले नेलं.” दादालोक म्हणजे नक्षलवादी. खरं लिहिलं असतं तर ते कोणाकोणाच्या हातात गेलं असतं, आणि सुट्टीत तिला त्याच गावात परत जायचं होतं. मी ‘आजार’ लिहिलं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवाद्यांचा बडा नेता भूपतीनं साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. तेव्हापासून जो तो म्हणतो, संपलं एकदाचं. मलाही बरं वाटलं. १९८० पासून या जिल्ह्यानं हे सोसलंय.

पण सोसलं कोणी? दलमचे, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकड्यांचे, मोठे नेते बहुतेक तेलुगू बोलणारे, पोलीस ठाण्यातला कारभार मराठीत, आणि मधे सापडलेला माणूस माडिया बोलणारा. रात्री दलमला भात दिला की सकाळी ठाण्यात बोलावणं. रस्त्याच्या कामावर गेला की झाडाला नक्षलवाद्यांचं धमकीचं पत्रक. त्याची सोयरीक इंद्रावती नदीपलीकडं छत्तीसगडच्या बस्तरात, म्हणजे लग्नाला गेला तरी संशय! पलीकडं २००५ मध्ये नक्षलवाद्यांविरुद्ध सरकारच्या पाठिंब्यानं सलवा जुडूम उभं राहिलं आणि गावंच्या गावं ओस पडली. आदिवासी पोरांना विशेष पोलीस म्हणून बंदूक देणं घटनाबाह्य, हे सर्वोच्च न्यायालयानं सांगेपर्यंत २०११ उजाडलं.

एप्रिल २०१८ मध्ये भामरागड तालुक्यात कसनासूरजवळ पोलिसांशी चकमकीत तीसहून जास्त नक्षलवादी मारले गेले. त्याचा राग निघाला गावावर. जानेवारी २०१९ मध्ये नक्षलवाद्यांनी त्याच कसनासूरच्या तिघांना पोलिसांचे खबरे ठरवून मारून रस्त्यावर टाकलं. ना वकील, ना पुरावा.

शरण आलेल्यांचं पुनर्वसन व्हावं, माझी काही हरकत नाही. पण ‘खबऱ्या’ म्हणून मारलेल्याच्या घरावरचा तो डाग कोण पुसणार? आणि भात दिला म्हणून ‘नक्षल समर्थक’ ठरून तुरुंगात गेलेल्याचा? माझं मत स्पष्ट आहे. प्रत्येक ग्रामसभेत ही नावं माडियातून वाचली जावीत, दोन्ही शिक्के काढून, आणि ठरावात नोंदवली जावीत. नुसत्या मदतीच्या चेकनं हे होणार नाही.

ती मुलगी आता बारावीला असेल. तिच्या अर्जावरचा तो शब्द माझ्या अक्षरात आहे. तिची तयारी असेल तर तो मला खोडायचा आहे.