याकोबाने मुलांना शाप दिलाच नव्हता

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. आवाज रडवेला. आजोबा शेवटच्या दिवसांत मामावर संतापून नको ते बोलले होते. गेल्या महिन्यात मामाच्या मुलाचं ऑपरेशन झालं. त्यात हा मेसेज तिच्याकडे आला आणि तिने दोन्ही गोष्टी जोडल्या.

मेसेज असा: ‘यहुदी धर्मग्रंथातील सत्य. याकोबाने मरताना थोरल्या तीन मुलांना शाप दिला आणि त्यांचा वंश बुडाला. मरणाऱ्या बापाचा शब्द सात पिढ्या टळत नाही. धाकट्या नातवाला मात्र आंधळेपणामुळे चुकून मोठा आशीर्वाद मिळाला. यहुदी घरांत आजही बाप मरताना अशीच वाटणी करतो.’ शेवटी, दहा जणांना पाठवा.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. उत्पत्ती या आमच्या धर्मग्रंथाच्या पहिल्या पुस्तकातला हा भाग सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळात, दर हिवाळ्यात वाचला जातो. मेसेज लिहिणाऱ्याने तो एकदाही वाचलेला दिसत नाही.

आधी शापाचं बघू, कारण माणसं घाबरतात ती त्यालाच. याकोब म्हणजे इस्राएलच्या बारा वंशांचा मूळ पुरुष. १४७ वर्षांचा हा याकोब मिसरात (इजिप्तमध्ये) आपल्या बारा मुलांना बिछान्याभोवती बोलावतो. थोरले तीन म्हणजे रऊबेन, शिमोन आणि लेवी. शिमोन आणि लेवी यांनी बहीण दीना हिच्यावरच्या अत्याचाराचा सूड म्हणून शखेम नगराचे पुरुष कापून काढले होते. त्याबद्दल तो त्यांना फैलावर घेतो. पण ४९व्या अध्यायातलं सातवं वचन नीट वाचा: ‘त्यांचा क्रोध शापित असो.’ शाप क्रोधाला आहे, मुलांना नाही. अकराव्या शतकातले भाष्यकार राशी इथे थांबून नेमकं हेच सांगतात, की कानउघाडणी करतानाही याकोबाने शापलं ते फक्त त्यांच्या रागाला. पुढे २८व्या वचनात तर स्पष्टच आहे की त्याने सगळ्यांना, ज्याचा त्याचा आशीर्वाद दिला. बाराही जणांना.

आता ‘वंश बुडाला’. याकोब या दोघांना एकाच वाक्यात म्हणतो, मी यांना इस्राएलात पांगवीन. वाक्य एक, भाऊ दोन. शिमोनाचं कूळ खरंच रोडावलं, हे मान्य करावंच लागेल: त्याच ग्रंथातल्या गणनेच्या पुस्तकात पहिल्या मोजणीत ५९,३०० पुरुष, दुसऱ्या मोजणीत २२,२००, आणि जमीन मिळाली ती यहूदाच्या हद्दीत. आणि लेवी? तोही पांगलाच, सगळ्या वंशांमध्ये मिळून ४८ नगरांत. पण इस्राएलांना मिसरातून बाहेर काढणारा मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन त्याच कुळातले, याजकपण (पुरोहितपण) त्याच कुळाकडे. सोन्याच्या वासरापुढे सगळे नाचत असताना मोशेच्या हाकेला लेवीच धावून आले होते. तेच शब्द दोघांच्या वाट्याला आले आणि दोघांचं पुढे वेगळं झालं. मग बापाचा शब्द नशीब कसा काय ठरवतो? ऑपरेशन झालेल्या पोराच्या आत्याला हे सांगायला मला अर्धा तास लागला.

रऊबेनाचं थोरलेपण गेलं, हे खरं. पण ते बापाची उपपत्नी बिल्हा हिच्याशी केलेल्या कृत्यामुळे गेलं, शेवटच्या श्वासाच्या जादूने नाही. आणि दुसऱ्या मोजणीतही त्याच्या वंशात ४३,७३० पुरुष होते. याला वंश बुडणं म्हणतात का?

आंधळेपणामुळे चूक झाली, ही गोष्ट धादांत खोटी. याकोबाची नजर मंदावली होती, त्याला नीट दिसत नव्हतं, हे खरं; पण आशीर्वाद चुकून गेला नाही. त्याने हात मुद्दाम आडवे टाकून उजवा हात आपला मुलगा योसेफ याच्या धाकट्या मुलाच्या, एफ्राईमच्या, डोक्यावर ठेवला आणि डावा थोरल्या मनश्शेच्या. योसेफाने हात उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा तो म्हणाला, ‘ठाऊक आहे, माझ्या मुला, मला ठाऊक आहे.’

वाटणीचंही तसंच. योसेफाला एक वाटा जास्त दिला, तेवढं बरोबर. बाकी देश वाटला गेला तो चिठ्ठ्या टाकून, याकोब गेल्यावर कित्येक पिढ्यांनी.

आणि आमच्या घरांत मरताना शाप देतात म्हणे! आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीचा पवित्र दिवस, लागला की वडील मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखा करो. मुलीला म्हणतात, सारा, रिबका, राहेल, लेआसारखी करो. मुलासाठीचे शब्द याकोबाच्याच अंथरुणापासचे आहेत. मावशीला मी विचारलं, आजोबा मामाच्या डोक्यावर हात ठेवायचे का? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, दर शुक्रवारी. त्याला मिसरूड फुटल्यावरसुद्धा, खाली वाकायला लावून.