बोट न टोचता साखर? ‘आजच बाजारात’ असलेल्या सात उपकरणांविषयी

ठाणे आणि नवी मुंबईतील गृहसंकुलांच्या व नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरतो आहे. ‘२०५० साली येतील असे वाटणारी ही ७ उपकरणे आजच बाजारात मिळतात’ असे त्याचे शीर्षक असून त्यात बोट न टोचता रक्तातील साखर सांगणारे घड्याळ, हातावर मोबाइलचा पडदा उमटवणारे ब्रेसलेट, पेनात मावणारा संगणक, जेलने भरलेला बिनदाराचा फ्रिज, पाण्याखाली माशाप्रमाणे श्वास घेऊ देणारा मुखवटा, आरपार दिसणारा टीव्ही आणि घडी होणारा फोन अशी यादी आहे. खाली एक तळटीपही आहे: ‘पहिल्या उपकरणाविषयी तुमचे डॉक्टर तुम्हाला कधीच सांगणार नाहीत, कारण पट्ट्यांचा धंदा बसेल.’ असले संदेश मी एरवी उघडतही नाही. हा उघडावा लागला, कारण नेरूळला राहणाऱ्या माझ्या आत्याने तो वाचून मुलाकडून ते घड्याळ मागवून घेतले आणि ग्लुकोमीटर, म्हणजे बोटातून काढलेला रक्ताचा थेंब पट्टीवर घेऊन साखर मोजणारा मीटर, कपाटात ठेवून दिला. आत्या दिवसातून दोन वेळा इन्सुलिन घेते.

तेव्हा पहिल्या कलमाविषयी सविस्तर लिहितो. उरलेल्या सहांना तेवढी जागा देण्याचे कारण नाही.

घड्याळाच्या पाठीमागे जे हिरवे दिवे लुकलुकतात, ते त्वचेखालून वाहणाऱ्या रक्ताचे प्रमाण प्रत्येक ठोक्यागणिक किती कमीजास्त होते, हे परतणाऱ्या प्रकाशावरून ओळखतात. त्यातून नाडीचा वेग बऱ्यापैकी कळतो. लाल आणि अवरक्त दिवे असतील तर रक्तातील ऑक्सिजनचाही अंदाज येतो, कारण ऑक्सिजन घेतलेले आणि न घेतलेले हिमोग्लोबिन या दोन प्रकाशांना वेगवेगळ्या प्रमाणात शोषते. इथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु एक डेसिलिटर रक्तात हिमोग्लोबिन साधारण १२ ते १५ ग्रॅम असते आणि ग्लुकोज असते सुमारे ०.१ ग्रॅम, म्हणजे शंभराहून अधिक पटींनी कमी. माणसाच्या शरीरातील जवळपास पाच लिटर रक्तात मिळून जेमतेम एक चहाचा चमचा भरेल एवढीच साखर विरघळलेली असते. शिवाय हिमोग्लोबिनप्रमाणे ती रंग बदलून स्वतःची ओळख देत नाही, आणि अवरक्त प्रकाशात तिचा जो काही क्षीण ठसा उमटतो तो पाणी, प्रथिने व चरबी यांच्या ठशांखाली गाडला जातो. त्वचेची जाडी, घाम, हाताचे तापमान आणि पट्टा किती घट्ट बांधला आहे, एवढ्यानेही परतणाऱ्या प्रकाशात जो फरक पडतो, तो साखरेमुळे पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला सॅटिसच्या पुलाखाली मोबाइलच्या कव्हरांशेजारी टांगलेल्या घड्याळाने हा गुंता सोडवला आहे, असे संदेश लिहिणाऱ्याचे म्हणणे आहे.

मग घड्याळ आकडा दाखवते तो येतो कुठून? रबाळे एमआयडीसीत मापन-उपकरणांचे कॅलिब्रेशन करणे, म्हणजे त्यांचे आकडे प्रमाणाशी ताडून पाहणे, हे माझे काम असल्यामुळे मी आत्याचे घड्याळ त्याच दृष्टीने तपासले. सोबतच्या ॲपमध्ये सुरुवातीला वय, वजन, मधुमेह आहे की नाही आणि शेवटचे जेवण कधी झाले, हे भरावे लागते. सर्व माहिती खरी भरली तेव्हा घड्याळाने १६४ (म्हणजे एका डेसिलिटर रक्तात १६४ मिलिग्रॅम साखर) दाखवले. मधुमेहाच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर दिल्यावर त्याच मनगटावर, काही मिनिटांच्या आत, ११२ दाखवले. लगोलग ग्लुकोमीटरने तपासले तर २४३ निघाले. म्हणजे घड्याळ आत्याच्या रक्ताला काही विचारत नव्हते. आत्याने ॲपला जे सांगितले, तेच ते थोडे सजवून तिला परत सांगत होते. आमच्या कारखान्यात वाफेच्या पाइपवरचा साधा प्रेशर गेजही प्रमाणपत्राशिवाय बसवू देत नाहीत, आणि इथे इन्सुलिनचा डोस ठरवणारे यंत्र कुठल्याही प्रमाणाशी ताडून न पाहता मनगटावर बांधले जाते.

ग्लुकोमीटर तरी शंभर टक्के अचूक असतो का, असा प्रश्न आतेभावाने केला. नसतो. परंतु त्याला किती चुकण्याची मुभा आहे, हे लिहून ठेवलेले आहे. पट्टीवरील एन्झाइमची ग्लुकोजशी प्रक्रिया होऊन जो सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो तो मीटर मोजतो, आणि आयएसओ १५१९७ या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार त्याची किमान ९५ टक्के मोजमापे एका ठरावीक मर्यादेत यावी लागतात. साखर १०० च्या खाली असेल तर प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ अंकांच्या आत आणि १०० किंवा त्याहून अधिक असेल तर १५ टक्क्यांच्या आत, अशी ती मर्यादा आहे. घड्याळासोबत आलेल्या पत्रकात अचूकतेविषयी एक अक्षर नाही. शेवटच्या पानावर मात्र अगदी बारीक टंकात ‘हे वैद्यकीय उपकरण नाही, आकडे केवळ संदर्भासाठी’ असे छापले आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. त्या कायद्याच्या कचाट्यातून सुटण्यासाठीच ही ओळ असावी, असे मी समजतो.

ज्यांना माझ्या कॅलिब्रेशनवर विश्वास नाही, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, २१ फेब्रुवारी २०२४ रोजी काढलेली सुरक्षा-सूचना आहे. त्वचेला छेद न देता रक्तातील साखर मोजण्याचा दावा करणारी स्मार्ट घड्याळे व स्मार्ट अंगठ्या, मग त्या कोणत्याही कंपनीच्या असोत, वापरू नयेत, असे ती स्पष्ट सांगते. स्वतःच्या बळावर साखर मोजणाऱ्या एकाही स्मार्ट घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असेही तीत नमूद आहे. चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिन, सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या किंवा साखर झपाट्याने उतरवणारी अन्य औषधे जास्त घेतली गेली, तर काही तासांतच मानसिक गोंधळ, कोमा अथवा मृत्यू ओढवू शकतो, असा इशारा त्यात आहे. हे वाक्य मी आत्याच्या घरी मोठ्याने वाचून दाखवले. ‘अमेरिकेतल्या कंपन्यांच्या दबावाखाली लिहिले असेल’ असे उत्तर मिळाले. ज्या कंपन्या हे घड्याळ विकून अब्जाधीश झाल्या असत्या, त्याही अमेरिकेतच आहेत, हे त्या उत्तरात सोयीस्करपणे राहून गेले.

यातील धोका दोन्ही बाजूंनी आहे. साखर खरोखर २४३ असताना १६४ दिसली, तर माणूस निर्धास्त होतो आणि हे महिनोन्महिने चालत राहिले तर डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा त्याची किंमत मोजतात. उलट साखर ८० असताना घड्याळाने २१० दाखवले आणि त्यावरून कोणी इन्सुलिनचे दोन-चार युनिट वाढवले, तर रात्री झोपेत साखर इतकी खाली जाऊ शकते की उठून साखरेचा चमचा तोंडात घालण्याचेही भान राहत नाही. एकटे राहणाऱ्या वयस्कर व्यक्तीच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे मी वेगळे सांगत नाही.

‘पण आमच्या ओळखीच्या एकांच्या घड्याळात साखर दिसते’ हा पुढचा मुद्दा. तो अर्धा खरा आहे आणि त्यामुळेच जास्त फसवा आहे. त्या गृहस्थांच्या दंडावर बिल्ल्याएवढा सेन्सर चिकटवलेला असतो आणि त्याचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली शिरलेला असतो. पेशींभोवतीच्या द्रवातील ग्लुकोज तो तंतू मोजतो, सेन्सर ते मोबाइलला कळवतो आणि मोबाइल घड्याळाला. घड्याळाचे काम तिथे केवळ फलकाचे असते. हे तंत्र मान्यताप्राप्त आहे, उपयुक्त आहे आणि महागही आहे, कारण सेन्सर साधारण दोन आठवड्यांत बदलावा लागतो. एफडीएची सूचनाही अशा उपकरणांना लागू नाही.

सुईशिवाय साखर मोजण्याचे प्रयत्नच झाले नाहीत, असेही नाही. ‘ग्लुकोवॉच’ नावाच्या मनगटी उपकरणाला २००१ साली एफडीएने मान्यताही दिली होती. सौम्य विद्युतप्रवाहाने ते त्वचेतून द्रव ओढून घेत असे. त्याने कातडीला जळजळ होई, शिवाय ते जुळवण्यासाठी बोट टोचावेच लागे. काही वर्षांत ते बाजारातून गेले. तेव्हापासून आजवर भल्याभल्या प्रयोगशाळा प्रकाशाच्या मार्गाने हे साधण्यासाठी झटत आहेत आणि एखाद्या दिवशी त्यांना ते साधेलही. त्या दिवशी ही बातमी ‘सर्वांना पाठवा’ असे बजावणाऱ्या संदेशातून कळणार नाही.

पट्ट्यांच्या धंद्याविषयी मात्र एक गोष्ट नाइलाजाने मान्य केली पाहिजे. पट्ट्या स्वस्त नाहीत. दिवसातून तीन-चार वेळा तपासणाऱ्याचा महिन्याचा खर्च पेन्शनीत जाणवतो, आणि वर्षानुवर्षे टोचून बोटांची टोके निबर होतात. आत्या त्या घड्याळाला भुलली ती याच कारणाने, भोळेपणामुळे नव्हे. परंतु पट्टी महाग आहे म्हणून बिनपट्टीचा आकडा खरा ठरत नाही. तिच्या डॉक्टरांना हे घड्याळ दाखवले तेव्हा त्यांनी ते ‘लपवले’ नाही. पावले मोजायला वापरा, असे सांगितले.

आता उरलेली सहा. त्यांपैकी बहुतेक गोष्टी कॉन्सेप्ट डिझाइन आहेत, म्हणजे असे काही करता आले तर कसे दिसेल, हे दाखवण्यासाठी डिझायनरने काढलेली चित्रे. ती काढणे हे त्यांचे कामच आहे आणि त्यात गैर काही नाही. त्यांवर ‘आजच बाजारात’ असा शिक्का मारणारा वेगळा असतो.

जेलचा फ्रिज हे २०१० च्या इलेक्ट्रोलक्स डिझाइन लॅब स्पर्धेसाठी युरी दिमित्रिएव्ह या रशियन डिझायनरने केलेले संकल्पनाचित्र होते. (त्या वर्षी ती स्पर्धा जिंकली ती राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या पीटर अल्विन या भारतीय विद्यार्थ्याने, भांड्यावर चिकटवण्याच्या एका छोट्या इंडक्शन शेगडीच्या संकल्पनेसाठी. ही माहिती खरी असल्यामुळे कोणी पुढे पाठवत नाही.) पेनातला संगणक जपानच्या एनईसी कंपनीने २००३ साली नमुना म्हणून मांडला होता, म्हणजे ते छायाचित्र आमच्या घरी पहिला संगणक आला त्या काळापासून ‘नवीन’ आहे.

हातावर पडदा उमटवणारे ब्रेसलेट म्हणजे २०१४ च्या अखेरीस गाजलेली ‘सिक्रेट’ ब्रेसलेटची चित्रफीत. त्यातील झगझगीत रंगीत पडदा संगणकावर घडवलेला होता. याच्या जवळ जाणारी वस्तू नंतर खरोखर आली, हे कबूल करतो: ‘ह्युमेन’ कंपनीची एआय पिन. ही छातीवर लावायची, आणि ती तळहातावर हिरव्या रंगात अक्षरे उमटवत असे. किंमत ६९९ डॉलर, वर मासिक वर्गणी. एप्रिल २०२४ मध्ये ती ग्राहकांच्या हाती पडू लागली, उन्हात अक्षरे वाचता येत नाहीत अशा तक्रारी झाल्या आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी कंपनीने तिची सेवाच बंद केली. ज्यांनी ती घेतली होती, त्यांच्याकडे आता एक महागडा बिल्ला आहे.

पाण्याखालच्या मुखवट्याचा हिशेब कोणालाही करता येईल. विश्रांतीच्या अवस्थेतही माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन लागतो, म्हणजे सुमारे ३५० मिलिग्रॅम. आपल्याकडच्या कोमट पाण्यात एका लिटरमागे फार तर ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. तेव्हा त्या पाण्यातील ऑक्सिजनचा कण न् कण काढून घेतला तरी मिनिटाला चाळीसहून अधिक लिटर पाणी त्या मुठीएवढ्या यंत्रातून जायला हवे, आणि पोहताना त्याच्या कित्येक पट. ‘ट्रायटन’ नावाने २०१६ साली यासाठी लोकांकडून जवळपास नऊ लाख डॉलर गोळा करण्यात आले, आक्षेप आल्यावर ते परत करावे लागले. ठाण्याच्या मासुंदा तलावात कोणी हा प्रयोग करू नये, एवढेच.

राहता राहिले आरपार टीव्ही आणि घडीचा फोन. दोन्ही खरे आहेत. एलजीने आरपार टीव्ही जानेवारी २०२४ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात दाखवला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत विक्रीला काढला, किंमत ५९,९९९ डॉलर, म्हणजे सुमारे पन्नास लाख रुपये. घडीचा फोन वाशीच्या कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतो. वाकणारा पडदा सॅमसंगने २०१३ साली प्रदर्शनात दाखवला होता आणि त्याचा फोन बाजारात यायला २०१९ उजाडले. एवढ्या मोठ्या कंपनीला दाखवण्यापासून विकण्यापर्यंत सहा वर्षे लागली, तीही साखर मोजण्याच्या मानाने सोप्या कामासाठी.

माझ्या नातेवाइकांच्या गटात हा संदेश ज्यांनी टाकला, त्यांना मी तो मागे घ्यायला सांगितले. ‘सात पैकी दोन तर खरे आहेत ना’ असे त्यांचे उत्तर आले. त्यांनी निदान पहिले कलम आणि डॉक्टरांविषयीची तळटीप काढून उरलेला संदेश खुशाल फिरवावा. बिनदाराचा फ्रिज शोधायला कोणी वाशीला गेले, तर त्याचे फार तर रिक्षाचे भाडे जाईल.