पक्कड कुठे आहे?

मोटारसायकल विकताना कंपनी तिच्या पोटात एक रेक्झिनची पिशवी घालून देते. स्प्लेंडरच्या जातीच्या गाड्यांत ती बाजूच्या कव्हरमागे दडलेली असते. आत एक-दोन पाने, एक प्लगपाना आणि मूठ एकीकडे, पाती एकीकडे असा उलटसुलट करून वापरायचा स्क्रू ड्रायव्हर. बहुतेक मालकांना ही पिशवी पहिल्यांदा दिसते ती गाडी विकायला काढल्यावर. ज्यांना आधी दिसते त्यांचं पुढे फारसं भलं होत नाही. त्या पान्याचं लोखंड असं मऊ, की नट जागचा हलत नाही आणि पानाच तोंड वासतो. मग माणूस म्हणतो, त्यापेक्षा एकदाच चांगली हत्यारं घेऊन टाकू.

त्यात मी राहतो गोव्यातल्या डिचोलीत. इथं गाडीला शत्रू दोन. पहिली खनिजाची तांबडी धूळ. खाणी २०१२ साली बंद पडल्या, मग सुरू झाल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द ठरवल्यावर पुन्हा बंद पडल्या. धूळ मात्र रद्द करणं कुठल्याच न्यायालयाला जमलेलं नाही. दुसरा शत्रू जून ते सप्टेंबर वरून कोसळतो. रात्री काळी असलेली चेन सकाळी तांबडी होते. सर्व्हिसिंगला गाडी टाकली तर परत येताना सीट चकचकीत, टायर काळेकुळकुळीत, बिलात 'चेन क्लीनिंग' ठळक अक्षरांत आणि चेन नेली तशीच. तेव्हा हे काम घरीच करायचं ठरलं. घरच्यांनी विरोध केला नाही. त्यामागचा त्यांचा हेतू कळायला वेळ लागला.

हत्यारं घ्यायला मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो. एका बाजूला मयड्याची केळी, दुसऱ्या बाजूला चोरिसांच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या माळा, आणि मधे ताडपत्रीवर पसरलेले पाने. प्रत्येकावर 'क्रोम व्हॅनेडियम', म्हणजे भारी पोलाद, असं कोरलेलं. नारळ फोडायच्या हातोडीवरसुद्धा. विक्रेत्यानं दोन पाने एकमेकांवर आपटून त्यांचा नाद ऐकवला. मला घंटा घ्यायची नव्हती, तरी मान डोलावली.

तिथं ४६ नगांचा सॉकेट सेट मिळतो. निळ्या किंवा काळ्या पेटीत, प्रत्येक नगाला त्याचा खळगा. उघडला की डॉक्टर झाल्यासारखं वाटतं. त्यातलं सगळ्यात मोठं सॉकेट १४ नंबरचं. आणि माझ्या गाडीच्या इंजिन ऑइलचा ड्रेन बोल्ट १७चा. मागच्या चाकाचा नट त्याहून मोठा. म्हणजे ४६ वस्तू विकत घेऊन ज्या दोन कामांसाठी घरोघरी हत्यारं लागतात ती दोन्ही होत नाहीत. उरलेल्या ४४ कामांचा शोध मी अजून घेतोय.

मग जोडपाने घेतले. ६-७, ८-९, १०-११ असे चढत जाणारे. जपानी वळणाच्या गाड्यांना लागतात ८, १०, १२, १४, १७, १९. बाकीच्या तोंडांना त्या गाडीवर जन्मात काम नाही. त्यामुळे प्रत्येक पान्याचं एक टोक ग्रीसनं माखलेलं, दुसरं दुकानातल्याइतकं लखलखीत. घ्यायचेच तर रिंग पाने घ्यावेत, असं माझं ठाम मत. फिक्स पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो, रिंग चहूबाजूंनी. आणि तोंड लहानमोठं करता येणारा स्लायडिंग पाना कुणी फुकट दिला तरी घेऊ नये. तो सगळ्या नटांशी दोस्ती करतो आणि एकेकाचे कोपरे खाऊन टाकतो.

स्क्रू ड्रायव्हरची गोष्ट जरा निराळी. गाडीवरचे फुलीचे स्क्रू बघून आपण फुलीचा ड्रायव्हर लावतो, तर तो थोडा फिरतो आणि कुणीतरी खालून ढकलल्यासारखा वर उसळतो. स्क्रूची फुली हळूहळू गोल वाटी होते. कारण असं, की आपला ड्रायव्हर फिलिप्स जातीचा आणि स्क्रू जपानी जातीचा. दिसायला सख्खे भाऊ. बसायला मात्र एकमेकांत बसत नाहीत. जपानी स्क्रूच्या डोक्यावर बहुधा एक बारीक टिंब असतं. ते बघायला भिंग लागतं. भिंग घरात होतं, बाबांचं, पंचांग वाचायचं. तेही मग माझ्या पेटीत आलं, आणि एकादशी कधी हे कळण्यासाठी बाबा माझ्या पेटीपाशी यायला लागले.

इथून देवाणघेवाण सुरू झाली.

सगळ्यात आधी गेली पक्कड. आईनं रविवारी कुर्ल्या आणल्या होत्या. नांग्या फोडायला आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वरवंटा. पण वरवंट्यानं कवचाच्या ठिकऱ्या होतात आणि त्या नेमक्या मांसात शिरून जेवताना दाताखाली येतात. आईनं पक्कडीच्या दातेरी तोंडात नांगी आडवी धरली आणि मूठ हलकेच दाबली. 'कट्ट.' कवचाला एक सरळ चीर, आतलं मांस अख्खं. तिनं दुसरी नांगी घेतली. 'कट्ट.' मग पक्कड उजेडात धरून तिच्या लाल मुठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ही म्हज्याकडेन आसूं दी."

तेव्हापासून पक्कड चमच्यांच्या स्टँडात असते. मला लागली तर मागून घ्यायची, धुऊन परत करायची. तिला शागोतीचा वास आहे. मी चेनपाशी बसलो की घरचं मांजर येऊन मागच्या चाकाला अंग घासत बसतं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, किती माया आहे.

बाबांनी फिलर गेज नेला. पानाच्या विड्याएवढ्या त्या डबीत पोलादाच्या पातळ पट्ट्या असतात, सगळ्यात पातळ ०.०५ मिलिमीटरची. स्पार्क प्लगच्या दोन टोकांतली फट मोजायची, इंजिनातल्या टॅपेटची फट बघायची, यासाठी हे हत्यार. बाबा भजनाला पेटी वाजवतात. पेटीच्या रीडखाली धुळीचा कण अडकला की तो सूर मुका होतो. ०.०५ची पट्टी खालून अलगद सरकवली की सूर मोकळा. श्रावणातल्या भजनी सप्ताहाच्या तोंडावर सगळ्या आळीतल्या पेट्या आमच्या सोप्यावर येतात. काळी दोनचा गंधार आता स्वच्छ लागतो, असं सगळे सांगतात. माझ्या प्लगची फट किती आहे हे विचारायला कुणी येत नाही.

बाकीची गळती पटापट झाली. प्लगपान्याची दांडी खिडकीच्या मोडलेल्या खिटीच्या जागी बसली. बारका स्क्रू ड्रायव्हर कुकरच्या दांड्यासाठी. पायानं मारायच्या पंपानं गॅसच्या बर्नरची भोकं साफ होतात. डब्ल्यूडी-४०ची बाटली तर आठवड्यात संपली. हा द्राव १९५३ साली अमेरिकेत तयार झाला. पाणी हटवायचं सूत्र चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात चाळीस, आणि ॲटलस क्षेपणास्त्राला गंज चढू नये म्हणून तो आधी वापरला गेला. आमच्याकडे त्यानं देवघराच्या दाराची करकर थांबवली आणि स्टीलच्या डब्यांवरचे किमतीचे स्टिकर काढले. चेनच्या वाट्याला आला तो बाटली उलटी करून हलवल्यावर निघालेला शेवटचा फुसकारा. तसाही तो चेनसाठी पुरेसा नसतोच, चेनला तिचं वेगळं ल्यूब लागतं, असं मी स्वतःची समजूत घालताना म्हणालो.

उलट दिशेनंही माल येत होता, नाही असं नाही. चेन घासायचा खास तीन बाजूंचा ब्रश मी घेतला होता. त्यापेक्षा बाबांचा जुना टूथब्रश सरस. पुसायला बाबांचेच गंजीफ्रॉक. ऑइल काढायला परात मागून बघितली. आईनं उत्तर दिलं नाही, परात उचलून आत नेली. शेवटी खोबरेल तेलाचा पाच लिटरचा कॅन आडवा कापला.

ऑइल बदलणं हे कागदावर सगळ्यात सोपं काम. इंजिन थोडं गरम करायचं, खालचा बोल्ट काढायचा, जुनं सोडायचं, नवं ओतायचं. पण आमच्या अंगणात ही सार्वजनिक घटना आहे. त्याचं कारण जळकं ऑइल. इंजिनातून निघालेलं काळं ऑइल लाकडाला लावलं की वाळवी लागत नाही, अशी गावात पक्की श्रद्धा. गोठ्याचे वासे, कुंपणाचे खुंट, फाटकाची बिजागरी, सगळ्यांना ते हवं. माझ्या गाडीत मावतं जेमतेम लिटरभर. मागणी असते चार गोठ्यांची.

शेजारचे काका सर्वांत आधी येतात. ते पायलट होते, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन बसस्टँडवर भाडं मारायचे. आयुष्यभर त्यांच्याकडे एक रिंग पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि तारेचं एक भेंडोळं एवढंच होतं. तरी ते माझं प्रत्येक हत्यार उचलून बघतात आणि नापसंतीचं 'हूं' करून खाली ठेवतात. बाटली बगलेत असतेच, भरून न्यायला.

ड्रेन बोल्ट खालच्या बाजूला असतो. वरून वाकून बघणाऱ्याला सोडायची दिशा एक वाटते, खाली आडव्या झालेल्याला दुसरी. मी आडवा, बाकीचे उभे.

"उजवीकडे घे रे."

"कुणाच्या उजवीकडे?"

"आपल्या."

या 'आपल्या'त नेमके कोण कोण येतात यावर सोप्यावर चर्चा होते. तेवढ्यात पदेर, म्हणजे पाववाला, पोंय पोंय करत येतो, सायकल तुळशीजवळ टेकवतो आणि तिसरी दिशा सांगतो. बोल्ट अखेर सुटतो तो मी कुणाचंच न ऐकता हात भाजल्यामुळे दचकून दिलेल्या झटक्यानं. ऑइलची धार कॅनच्या मधोमध पडण्याऐवजी वाऱ्यानं तिरकी होते, आणि गोठेवाल्या तीन माणसांच्या तोंडून एकदम 'अरे अरे अरे' निघतं. माझ्या हाताबद्दल कुणी अरे म्हणत नाही.

बोल्ट परत बसवायला मी टॉर्क रेंच आणला होता. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियमच्या पोटात जातो. जास्त आवळला की आटे जातात आणि मग इंजिनच उघडावं लागतं की काय अशी वेळ येते. या रेंचवर न्यूटन-मीटरचा आकडा लावायचा, तेवढा जोर झाला की तो 'टक्' म्हणतो, आपण थांबायचं. काकांना हे पटलं नाही. "हाताला कळतं," ते म्हणाले. मग त्यांनी एकदा आवळून बघितलं. 'टक्.' चेहरा बदलला. पुन्हा आवळलं. 'टक्.' पुढचा तपशील नको. संध्याकाळपर्यंत त्यांच्या घरच्या पाण्याच्या पंपाचे, शिलाई मशीनचे आणि नातवाच्या तीनचाकीचे सगळे नट टकटकून झाले होते. रेंच परत ठेवताना आकडा खालच्या टोकाच्या शेवटच्या खुणेवर आणून ठेवायचा असतो, नाहीतर आतली स्प्रिंग बिघडते. काकांनी तो आणून ठेवला, पण वरच्या टोकाच्या शेवटच्या खुणेवर.

चेनलॉकची, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची, क्लिप हा या सगळ्यावरचा कळस. नखाएवढी पट्टी. तिची बंद बाजू चेन ज्या दिशेनं धावते तिकडे ठेवायची, नाहीतर धावता धावता निघून पडते. ती काढताना पक्कड लागते. पक्कड चमच्यांच्या स्टँडात. म्हणून स्क्रू ड्रायव्हरनं उचकटली, आणि ती टण्णकन उडून अंगणातल्या तांबड्या मातीत गेली. अशा वेळेसाठी मी लांब दांडीचं चुंबक घेतलं होतं. ते मातीवरून फिरवलं तर त्याच्या टोकाला काळ्या लोहकणांची दाढी आली. पुसलं, फिरवलं, पुन्हा दाढी. डिचोलीच्या मातीत लोखंड शोधायला चुंबक वापरणं म्हणजे काय, हे त्या दुकानदाराला ठाऊक असतं तर त्यानं ते मला विकलं नसतं. आई बाहेर आली. "कितें सोदता रे?" सांगितलं. तिनं केरसुणी घेऊन एकदा अंगण लोटलं आणि क्लिप सुपलीत आली.

खंडेनवमीला सगळी हत्यारं घरी यायलाच हवीत, असा बाबांचा हुकूम असतो. वर्षातून तेवढाच एक दिवस मी माझी मालमत्ता एकत्र बघतो. खिडकीतली दांडी निघते, पेटीवाल्यांकडून फिलर गेज येतो, काका टॉर्क रेंच धुऊन आणतात. पाटावर पाने उतरंडीनं लागतात, लखलखीत टोकं पुढे, माखलेली मागे. ४६ नगांची पेटी उघडून, आतल्या प्रत्येक सॉकेटवर एकेक झेंडूची पाकळी. या वर्षी सगळं मांडून झालं आणि मोजताना पक्कड सापडेना. शेजारच्याच पाटावर आईची मांडणी होती: विळी, कोयता, नारळ खवायची आदोळी, दोन सुऱ्या. मधोमध, हळदकुंकू लावलेली, पक्कड.

"ती इकडच्या पाटावर हवी," मी म्हणालो.

"कित्याक?" आई म्हणाली. "तुझ्या गाडीला कुर्ल्या लागतात?"