ईमची वेसबंदी: फिरणारी कथा आणि उपलब्ध नोंदी

इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील ईम या डोंगराळ पॅरिशविषयीचा (एका चर्चच्या हद्दीतील वस्तीविषयीचा) एक मजकूर करोनाच्या काळापासून मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. लंडनहून आलेल्या कापडाच्या गाठोड्यातून 1665 मध्ये प्लेग गावात शिरताच साडेतीनशे गावकऱ्यांनी एकमुखाने स्वतःला कोंडून घेतले, कोणीही वेस ओलांडली नाही, त्यांतील 260 जण दगावले आणि त्यामुळे उत्तर इंग्लंड वाचले, असा त्याचा आशय आहे. साथ खरी होती आणि वेसबंदीही खरी होती. उरलेला तपशील मात्र तपासून घ्यावा लागतो.

‘शिरताच’ हा शब्द पहिल्याच नोंदीपाशी अडखळतो. साथीचा पहिला बळी, शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स, सप्टेंबर 1665 च्या पहिल्या आठवड्यात मरण पावला, तर वेसबंदी ठरली ती 1666 च्या जूनमध्ये. मधल्या नऊ महिन्यांत शरद ऋतूत माणसे मेली, हिवाळ्यात साथ मंदावली आणि उन्हाळा लागताच पुन्हा भडकली. तेव्हा कुठे चर्चमधील प्रार्थना उघड्या दरीत घेण्याचे, मृतांना घरच्यांनीच जवळपास पुरण्याचे आणि गाव न सोडण्याचे ठरले.

एकमुखाचे म्हणावे, तर रेक्टर, म्हणजे पॅरिशचा धर्मगुरू, विल्यम मॉम्पेसन गावात नवखा होता आणि लोकांचा ओढा पदच्युत झालेल्या थॉमस स्टॅन्ली या प्युरिटन (कडव्या सुधारणावादी प्रोटेस्टंट पंथाच्या) धर्मोपदेशकाकडे होता. त्याला सोबत घेतल्याशिवाय मॉम्पेसनचे कोणी ऐकले नसते. ऐपतदार घराण्यांतील काहींनी आधीच काढता पाय घेतला होता आणि खुद्द रेक्टरने आपली मुले बाहेर धाडली होती. पत्नी कॅथरीन मात्र मागे राहिली आणि ऑगस्ट 1666 मध्ये गेली. उरले ते बहुतांशी शेतकरी आणि शिशाच्या खाणीतले मजूर, ज्यांना जायला दुसरे घर नव्हते. शिवाय 1604 चा कायदा बाधितांना घराबाहेर पडण्यास मज्जाव करून कठोर शिक्षेची धमकी देत होता. त्यांच्या धैर्याला यामुळे उणेपणा येत नाही, पण सारे स्वेच्छेने घडले असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. ही वेसबंदी पोटाच्या सोयीवरही टिकली: जवळच्या चॅट्सवर्थ वाड्यातील डेव्हनशरच्या अर्लने (सरदाराने) रसदीची व्यवस्था केली, आणि शेजारच्या स्टोनी मिडलटनकडील वाटेवरच्या शिळेतील खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात नाणी ठेवली जात, म्हणजे धान्य देणाऱ्याच्या हाती रोग जाऊ नये.

आकड्यांचा घोळ याहून सोपा आहे. सुमारे 260 मृत्यूंचा आकडा ढोबळमानाने टिकतो; मॉम्पेसनने नोव्हेंबर 1666 च्या पत्रात 76 कुटुंबांतील 259 मृत्यू सांगितले आहेत. साडेतीनशेची लोकसंख्या मात्र टिकत नाही, कारण चुलीवरील कराच्या नोंदींवरून पॅरिशमध्ये किमान 700 माणसे असावीत असे आता मानले जाते. म्हणजे तीन-चतुर्थांश नव्हे, तर तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक लोक गेले. तेवढेही भयंकरच होते: एलिझाबेथ हॅनकॉक या एका बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले स्वतःच्या हाताने पुरली.

उत्तर इंग्लंड वाचल्याच्या दाव्याला पुरावा मिळणेच अवघड, कारण वेसबंदी नसती तर काय घडले असते ते तपासता येत नाही. साथ गावात असताना पहिले नऊ महिने वाटा उघड्याच होत्या, आणि शेजारच्या वस्त्याही आपापल्या सीमांवर पहारे बसवून होत्या; शेफील्डच्या खर्चाच्या हिशेबांत ईमच्या साथीच्या वेळी ठेवलेल्या अशा पहाऱ्याची नोंद सापडते. तेव्हा प्रसार रोखण्याचे सारे श्रेय एकट्या ईमच्या वेसबंदीला देता येत नाही.