विल म्हणजे कच्चा लाइनबॅकर? अजिबात नाही

सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलची वर्षातली फायनल) जवळ आला की "अमेरिकन फुटबॉल पाच मिनिटांत शिका" टाइपचे फॉरवर्ड फिरायला लागतात. त्यातला लाइनबॅकरवाला (लाइनबॅकर म्हणजे डिफेन्सच्या, अडवणाऱ्या टीमच्या, पुढच्या रांगेमागे उभे राहणारे खेळाडू) तर मला गेली दोन-तीन वर्षं सारखा कुठून ना कुठून येतोय. त्यात लिहिलंय की माइक म्हणजे मधला आणि तोच कॅप्टन, सॅम म्हणजे स्ट्राँग म्हणून सगळ्यात ताकदवान, आणि विल म्हणजे वीक, तिघांतला कच्चा, म्हणून त्याला कमी कामाच्या बाजूला उभं करतात. पुढे असंही आहे की क्वार्टरबॅक, म्हणजे ऑफेन्सचा (बॉल असलेल्या टीमचा) पास टाकणारा म्होरक्या, बोट दाखवून "५२ माइक" (५२ हा जर्सीचा नंबर) ओरडतो तेव्हा तो समोरच्या कॅप्टनला हेरत असतो, थ्री-फोरमध्ये (पुढे लाइनवर तीन, मागे चार लाइनबॅकर) चारही लाइनबॅकर एकच काम करतात, आणि लाइनबॅकरचं काम काय तर टॅकल मारणं, म्हणजे बॉलवाल्याला पाडणं, बस.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण माझा भाचा इथे न्यू जर्सीत हायस्कूलच्या टीममध्ये विल खेळतो, आणि मागे एकदा घरी सगळे जमलेले असताना कोणीतरी हाच मेसेज वाचून त्याला विचारलं, "म्हणजे तुला वीकमध्ये टाकलंय का रे?" पोरगं काही बोललं नाही, मान खाली घालून वरणभात कालवत बसलं. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं.

तर पहिलं हेच. स्ट्राँग आणि वीक ही खेळाडूंची नावं नाहीतच, ती बाजूंची नावं आहेत, आणि बाजू ठरते ती समोरच्या ऑफेन्सवरून. ज्या बाजूला टाइट एंड (ऑफेन्सच्या लाइनच्या टोकाचा खेळाडू) उभा राहतो ती साधारणपणे स्ट्राँग साइड, कारण तिथे त्यांचा ब्लॉक करणारा, म्हणजे समोरच्याला अंगाने रोखून धरणारा, एक माणूस जास्त असतो. त्या बाजूचा लाइनबॅकर तो सॅम, दुसऱ्या बाजूचा विल, मधला माइक, स्ट्राँग-वीक-मिडलची पहिली इंग्रजी अक्षरं लक्षात राहावीत म्हणून ठेवलेली नावं, एवढंच. आता सॅमला टाइट एंडच्या अंगावर जावं लागतं म्हणून तो बऱ्याचदा आडदांड असतो, हे खरं, मेसेजमध्ये सॅमबद्दल खरं असेल तर एवढंच. पण विलच्या समोर ब्लॉकर कमी आणि मैदान मोकळं, म्हणून तिथे कोच पळणारा आणि पटकन ओळखणारा माणूस ठेवतात. टॅम्पा बे बकनिअर्सचा डेरिक ब्रूक्स आठवा, किंवा त्याचे जुने व्हिडिओ शोधून बघा. तो विल होता. २००२ च्या सीझनमध्ये तो एनएफएलचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा) सगळ्यात भारी डिफेन्सिव्ह प्लेअर ठरला, आणि जानेवारी २००३ च्या सुपर बोलमध्ये त्याने रेडर्सचा पास पकडून ४४ यार्ड पळवत शेवटच्या रेषेपार नेला आणि टचडाउन केला. २०१४ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. याला कच्चा म्हणायचं का?

बरं, टाइट एंड स्नॅपच्या (बॉल मागे देऊन प्ले सुरू करण्याच्या) आधी चालत दुसऱ्या बाजूला गेला की स्ट्राँग साइडच बदलते. मग काही टीम सॅम आणि विलच्या जागा बदलतात, काही आहे तिथेच ठेवून फक्त कामं बदलतात. म्हणजे एकाच प्लेमध्ये तोच मुलगा "ताकदवान" आणि "कच्चा" दोन्ही होणार का?

"५२ माइक" ची गोष्ट मला सगळ्यात आवडते, आणि ती मेसेजमध्ये पार उलटी सांगितलीय. क्वार्टरबॅक कोणाला हेरत नसतो, तो स्वतःच्या लाइनला हिशोब घालून देत असतो. समोर चार जण लाइनवर असतील आणि आपले ब्लॉकर पाच, तर पाचव्याने कोणाला घ्यायचं हे ठरवायला हवं, तो "माइक". त्याच्यावरून सगळे मोजतात, उरलेला कोणी धावून आला तर त्याला अडवणं रनिंग बॅकचं (बॉल घेऊन पळणाऱ्याचं) काम, नाहीतर क्वार्टरबॅकने पटकन बॉल सोडायचा. म्हणून ज्याला माइक म्हटलं तो खरोखरचा मिडल लाइनबॅकर असेलच असं नाही, कधीकधी चक्क सेफ्टीलासुद्धा (डिफेन्सच्या सगळ्यात मागे राहणाऱ्यालासुद्धा) माइक ठरवतात. कॅप्टन बघायचा तर हेल्मेटवरचा हिरवा ठिपका बघा. एनएफएलमध्ये २००८ पासून डिफेन्सच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज येतो, आणि प्लेक्लॉकवर (पुढची प्ले सुरू करायच्या मुदतीच्या घड्याळावर) १५ सेकंद राहिले की बंद होतो, पुढचं सगळं त्याने स्वतः सांभाळायचं. तो ठिपका बहुतेकदा माइकवर असतो, पण सेफ्टीवरही असू शकतो.

थ्री-फोरचं म्हणाल तर १९८६ चे न्यूयॉर्क जायंट्स घ्या. लॉरेन्स टेलर बाहेरचा लाइनबॅकर, त्या सीझनला साडेवीस सॅक (क्वार्टरबॅकला बॉल सोडायच्या आत पाडणं) आणि अख्ख्या लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. हॅरी कार्सन आतला, मधून येणारी रन अडवायला. दोघांना लाइनबॅकरच म्हणायचे, पण एकाचं काम दुसऱ्याला दिलं असतं तर दोघंही वाया गेले असते. उलट थ्री-फोरमधला बाहेरचा लाइनबॅकर आणि फोर-थ्रीमधला (पुढे चार, मागे तीन लाइनबॅकर) डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे लाइनच्या टोकाचा, यांचं काम इतकं सारखं की २००८ मध्ये रेव्हन्सच्या टेरेल सग्जचा वाद त्यावरच झाला, टॅगचे (करार संपलेल्या खेळाडूला टीमने ठरावीक दराने एक वर्ष ठेवून घेण्याचे) पैसे लाइनबॅकरच्या दराने की एंडच्या, आणि शेवटी मधला आकडा धरून मिटवलं. आणि हल्ली एक लाइनबॅकर काढून पाच डिफेन्सिव्ह बॅक (मागे राहून पास अडवणारे) ठेवायचं निकल इतकं खेळतात की बऱ्याच टीममध्ये सॅम निम्म्याहून जास्त वेळ मैदानाबाहेरच बसलेला असतो, मग कुठला आलाय सगळ्यात ताकदवान.

राहिलं टॅकलचं. टॅम्पा टू नावाच्या कव्हरेजमध्ये (पास अडवायच्या मांडणीत) माइकला पास ओळखला की पाठमोरं पळत खोल मध्यभागी जावं लागतं, शिकागोचा ब्रायन अर्लॅकर हे काम करायचा. आणि आमच्याकडचं सांगतो. मागच्या सीझनला एका शुक्रवारच्या मॅचला मी कुंपणाला टेकून उभा होतो, थर्ड डाउन, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न, समोरच्यांना आठ यार्ड हवे होते. भाचा दोन पावलं पुढे आला, समोरच्या गार्डचे (ऑफेन्सच्या लाइनमधल्या ब्लॉकरचे) खांदे वर झालेले बघितले, म्हणजे पास येणार हे ओळखलं, आणि लगेच मागे फिरून आडव्या पासच्या वाटेत जाऊन उभा राहिला. क्वार्टरबॅकचा हात वर गेला, त्याला भाचा दिसला, हात खाली आला. परत इकडेतिकडे बघेपर्यंत आमच्या एंडने त्याला पाडलं. सॅक एंडच्या नावावर लागला, भाच्याच्या नावापुढे त्या प्लेला काहीच नाही. कोच मात्र साइडलाइनवरून पळत आला तो भाच्याकडे, आणि दोन्ही हातांनी त्याचं हेल्मेट धरून गदागदा हलवलं.