पंधरापैकी साडेसात

अभिनंदन. साहित्य शिकवण्याची नोकरी लागली म्हणजे आता जन्मभर कविता-कादंबऱ्यांत लोळायचं, असा तुमचा समज झाला असेल. पहिल्या सत्राच्या शेवटी सुतळीने बांधलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर आदळले की तो उतरेल. शिकवणं हा या नोकरीतला जोडधंदा आहे. मुख्य धंदा गुण देण्याचा. त्याची विद्या कुठल्या प्रशिक्षणात मिळत नाही. ती तपासणीच्या खोलीत, शेजारच्या खुर्चीकडून, हलक्या आवाजात मिळते. त्या शेजारच्या खुर्चीत सध्या मी बसलो आहे असं समजा.

आधी प्रश्नपत्रिका काढायला शिका. तिची कसोटी एकच: मूळ पुस्तकाला हात न लावता ती पूर्ण सोडवता आली पाहिजे. ऐकायला अवघड वाटतं, पण मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका समोर ठेवल्या की हात आपोआप चालतो. यंदा 'नायिकेचे व्यक्तिचित्र रेखाटा.' पुढच्या वर्षी 'नायिकेच्या स्वभावाचे पैलू उलगडून दाखवा.' त्याच्या पुढच्या वर्षी 'नायिकेच्या व्यक्तिमत्त्वाचा परामर्श घ्या.' नायिका तीच, उत्तर तेच, क्रियापद बदललं की प्रश्न नवा. 'परामर्श' मात्र जपून वापरा. तो नक्की कसा घ्यायचा असतो हे विद्यार्थ्यांना माहीत नसतं, आणि त्यांनी विचारलं तर पंचाईत आपली होते.

ज्याचं उत्तर पुस्तक उघडून शोधावं लागेल असा प्रश्न चुकूनही काढू नका. समजा तुम्ही विचारलंत, 'शेवटच्या पानावर नायिका घर सोडताना दार उघडंच ठेवून जाते. का?' परीक्षागृहात कुजबुज सुरू होईल. हा प्रश्न कुठल्या घटकातला? गाईडमध्ये कुठल्या पानावर? दुसऱ्या दिवशी तीस सह्यांचा अर्ज: 'प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा असल्याने सर्वांना पूर्ण गुण द्यावेत.' दार पुस्तकातलंच आहे, नेमलेल्या पुस्तकातलं, तरी ते अभ्यासक्रमाबाहेर आहे. तुम्ही मुकाट्याने पूर्ण गुण द्याल. शिवाय पुढच्या वर्षी त्या दाराचं उत्तर गाईडमध्ये चार मुद्द्यांत छापून येईल, आणि मग ते अभ्यासक्रमात आलं असं धरायचं.

कवितेवर प्रश्न विचाराल तेव्हा खाली कवीचं नाव छापायला विसरू नका. केंब्रिजच्या आय. ए. रिचर्ड्स नावाच्या प्राध्यापकांनी 1920 च्या दशकात हा आगाऊपणा करून पाहिला होता. कविता घेतल्या, कवींची नावं काढून टाकली, विद्यार्थ्यांच्या हातात ठेवल्या आणि सांगितलं, आठवडाभर वाचा, मग काय वाटलं ते लिहून आणा. मुलं केंब्रिजची, त्यांतली बरीचशी साहित्यच शिकणारी. त्यांनी जॉन डनसारख्या थोर कवीला नापसंत केलं, तितक्याच नावाजलेल्या हॉपकिन्सला तर झोडपलंच, आणि आज ज्यांचं नाव सांगितलं तर 'कोण?' म्हणाल अशा कवींवर खूश झाली. रिचर्ड्स यांनी अशा तेरा कवितांवरची मतं 1929 साली पुस्तकात छापली, म्हणजे अब्रू जायची ती जगभर गेली. यावरून ते म्हणाले की वाचायचं कसं ते शिकवायला हवं. आपण सोपा धडा घ्यावा: नाव छापावं. नाव दिसलं की कविता थोर आहे की बरी, हे विद्यार्थ्याला लगेच कळतं आणि त्याला ती वाचावी लागत नाही. हा प्रयोग स्वतःवरही करू नका. स्टाफरूममध्ये तर मुळीच नको. तिथे लोकांना अजून बरीच वर्षं एकत्र बसायचं असतं.

नाव छापलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: 'या ओळींतून कवीला काय म्हणायचे आहे?' कवीला जे म्हणायचं होतं ते त्याने म्हटलं, तेच तर वर छापलंय, असं उत्तर एखादा लिहील. तो शून्याचा धनी. आता गंमत बघा. विम्सॅट आणि बिअर्डस्ली या दोन अमेरिकन अभ्यासकांनी 1946 साली लिहून ठेवलं की लेखकाच्या मनात काय होतं, हा कवितेचा अर्थ ठरवण्याचा निकष होऊ शकत नाही. पुढे 1967 मध्ये फ्रेंच समीक्षक रोलां बार्थनी लेखकाला मृतच घोषित केलं. हे दोन्ही आपण शिकवतो, समीक्षेच्या पेपरात, टीप म्हणून, पाच गुणांना. विद्यार्थी सोमवारी 'लेखकाचा मृत्यू' पाठ करून लिहितो आणि बुधवारी त्याच निळ्या पेनाने कवीला काय म्हणायचं आहे ते दीड पान सांगतो. दोन्हीकडे त्याला गुण मिळतात. हा विरोधाभास नाही, याला पेपरांचं स्वतंत्र मूल्यमापन म्हणतात.

आता तपासणी. हा आपल्या कलेचा गाभा, म्हणून इथे जरा थांबू.

उत्तरपत्रिका हातात आली की आधी तिचं वजन घ्या. पुरवण्या किती जोडल्यात ते बघा. मग अक्षर. मग समास, अधोरेखनं, मुद्द्यांना दिलेले आकडे. 'प्रस्तावना' आणि 'समारोप' या दोन शब्दांखाली पट्टीने ओढलेल्या रेघा असतील तर मधलं वाचायचं कारण नाही. प्रस्तावनेत 'साहित्य हा समाजाचा आरसा आहे' हे वाक्य असेलच. ते दिसलं की मन निवांत होतं. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. त्या आरशात पाहून कुणी कधी केस विंचरल्याचं ऐकिवात नाही, पण तो प्रत्येक पेपरात टांगलेला असतो.

आणि मग तो आकडा. पंधरा गुणांच्या प्रश्नाला साडेसात द्या. इतकी वर्षं पेपर तपासून मला सापडलेलं हे एकमेव सत्य आहे. पाच दिले तर विद्यार्थी पुनर्मूल्यांकनाला जातो. अकरा दिले तर आपण तपासलेले पेपर पुन्हा बघणारा मॉडरेटर भुवया उंचावतो, 'यात असं काय दिसलं?' विचारतो, आणि मग तुम्हाला ते उत्तर वाचावं लागतं. साडेसातवर कुणी काही विचारत नाही. फार आवडलं तर आठ, झोप आली असेल तर सात. लोक साडेसातीला उगाच घाबरतात. आमच्या धंद्यात तिच्याइतकी सुखाची दशा नाही.

याला आळस म्हणणाऱ्यांना थोडा इतिहास ऐकवा. अमेरिकेत 1912 साली स्टार्च आणि एलियट या दोघांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या नकला शाळाशाळांतून पाठवल्या. 142 शिक्षकांनी त्या तपासून परत केल्या. एकाच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी 64 पासून 98 पर्यंत गुण पडले, दुसरीला 50 पासून 97 पर्यंत. लोक म्हणाले, भाषेचा विषय, चालायचंच. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिथे फरक आणखी वाढला! प्रमेय सुटलं की नाही यावरही गुरुजनांचं एकमत होईना.

हे वेगवेगळ्या माणसांचं झालं. इंग्लंडात हार्टॉग आणि ऱ्होड्स यांनी 1935 साली असाच एक प्रयोग छापला. त्यात त्यांनी इतिहासाच्या 15 उत्तरपत्रिका परीक्षकांकडून तपासून घेतल्या आणि वर्ष-दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका त्यांच्यातल्याच 14 जणांना पुन्हा तपासायला दिल्या. 210 निकालांपैकी 92 निकाल बदलले. नापास होता तो पास, पास होता तो नापास, असे. आपला आपल्याशीच मतभेद, तोही चांगला सणसणीत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं तर अंगावर काटा आला होता. मग ध्यानात आलं की त्या 14 जणांचं चुकलं कुठे. ते उत्तरं वाचत होते. साडेसात देत राहिले असते तर वर्षाने काय, जन्मानेही फरक पडला नसता.

मॉडरेटर, पुनर्मूल्यांकन वगैरे शब्दांना दबकू नका. पुनर्मूल्यांकनात शेवटी बेरीज बघतात, आणि एखादं पान लाल पेनाच्या खुणेविना राहिलंय का ते. म्हणून प्रत्येक पानावर एक बरोबरची खूण करा, कोऱ्या पानावर आडवी रेघ मारा. आमच्याकडे एकांची बेरीज तीन गुणांनी चुकली होती. त्यांना चौकशी समितीपुढे बसावं लागलं. तेच गृहस्थ वीस वर्षं एकही उत्तर पूर्ण न वाचता निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या व्यासंगावर तीन भाषणं झाली. त्यातलं एक माझं.

अलीकडे रुब्रिक नावाचा निकषतक्ता भरावा लागतो. आशय 5, मांडणी 4, भाषा 3, स्वतंत्र विचार 3. स्वतंत्र विचाराला प्रत्येकाला दीड द्या. सगळ्यांचा विचार सारखाच स्वतंत्र असतो. शिवाय अभ्यासक्रमाची 'साध्ये' लिहायची असतात, आणि त्यासाठी ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी 1956 मध्ये केलेल्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणातून क्रियापदं उचलायची: ओळखतो, विश्लेषण करतो, मूल्यमापन करतो. 'विद्यार्थी करुणरसाचा आस्वाद घेण्यास सक्षम होईल' असं लिहिलंत की वर्षाअखेरीला करुणरस किती टक्के साध्य झाला तेही लिहावं लागेल. साठच्या वर लिहा. जुने काव्यशास्त्रकार चांगल्या वाचकाला 'सहृदय' म्हणत. त्या रकान्याची मी तक्त्यात बरीच शोधाशोध केली.

अंतर्गत गुणांबद्दल फार बोलायला नको. विद्यार्थ्याने फाईल द्यायची, तुम्ही सही करायची. मोठ्या फायलीला जास्त, स्पायरल बायंडिंगला आणखी जास्त. तोंडी परीक्षेत 'तुमचा आवडता लेखक कोण?' एवढंच विचारा. 'का आवडतो?' विचारून कुणाला अडचणीत आणू नका.

फायली आता चॅटबॉट लिहितो, म्हणून काही सहकारी हवालदिल झालेत. मला त्यांचं नवल वाटतं. लेस पेरेलमन नावाचे गृहस्थ अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात लेखन शिकवत असत. त्यांनी 2014 साली काही विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रोग्रॅम तयार केला. त्याला दोन-तीन शब्द दिले की तो क्षणात एक निबंध काढायचा: भारदस्त शब्द, लांबलचक वाक्यं, अर्थ औषधालाही नाही. निबंध तपासणाऱ्या यंत्रांनी त्याला भरघोस गुण दिले. सगळे यंत्रांना हसले. पण लांबी आणि भारदस्त शब्द बघून गुण द्यायची सवय त्या यंत्रांना लागली ती माणसांनी दिलेले गुण बघूनच. आपलं पोर आहे, आपल्यावरच गेलंय. आता तर प्रश्न आपण यंत्राकडून काढून घेतो, उत्तर विद्यार्थी यंत्राकडून लिहून घेतो आणि तपासायलाही यंत्र येऊ घातलंय. मधे आपली सही तेवढी राहील. ती मात्र शाईनेच लागते.

इतकं सगळं नीट पाळलंत तरी एखाद्या गठ्ठ्यात घात होतोच. रात्रीचे साडेदहा, एकशे चाळिसावी उत्तरपत्रिका. प्रश्न व्यक्तिचित्राचा. पुरवणी नाही, रेघा नाहीत, प्रस्तावनाही नाही. जेमतेम सहा ओळी, त्याही खाडाखोड केलेल्या. 'नायिकेच्या स्वभावाचे मुद्दे मला आठवत नाहीत. पण ती जाताना दार उघडं ठेवते, ते मी तीन वेळा वाचलं. मला आधी वाटलं ती विसरली. आता वाटतं, कुणीतरी हाक मारावी म्हणून ठेवलं असेल. कुणी मारली नाही. पुढे लिहिता येत नाही.'

अशा वेळी काय करायचं ते सांगतो. पहिली गोष्ट, उत्तरपत्रिका उलटी ठेवायची आणि उठून पाणी प्यायचं. कपाटातून ती कादंबरी काढायचा मोह होईल, काढू नका. मी एकदा काढली होती आणि त्या रात्री पुढचे साठ पेपर राहिले. दाराचं ते वाक्य माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं, आणि मी ती कादंबरी अकरा वर्षं शिकवत होतो. मग शांतपणे खुर्चीत बसायचं. पंधरा द्यावेसे वाटतील, पण मॉडरेटरला काय दाखवाल? सहा ओळी? तक्त्याप्रमाणे आशय 1, मांडणी 0, भाषा 1, स्वतंत्र विचार दीड. साडेतीन होतात. साडेतीन लिहिताना पेन अडखळलं तर घाबरू नका, अडखळतं ते. मी पेन झटकलं, एकदा दाराकडे पाहिलं आणि साडेसात लिहिले.

कुणी विचारलं नाही. बेरजेत अर्धा गुण उरला होता, तो नियमाप्रमाणे पुढे ओढून पूर्ण केला आणि गठ्ठ्याला सुतळी बांधली.