एकवीस सेकंदांचे काम

तीन किलोंहून अधिक वजनाच्या सस्तन प्राण्यांना, मग तो हत्ती असो वा बोकड, मूत्राशय रिकामे करायला साधारण एकवीस सेकंद लागतात, असे काही संशोधकांनी मोजून २०१४ साली प्रसिद्ध केले आणि पुढच्याच वर्षी त्यांना त्याबद्दल ‘इग नोबेल’ हा आधी हसवणारा आणि मग विचार करायला लावणारा पुरस्कार मिळाला. आमच्या वाघ्याचे वजन तीन किलो दोनशे ग्रॅम आहे, म्हणजे तो या नियमात जेमतेम का होईना, पण बसतो. मात्र बाहेर पाऊस असला, की त्याच्या या एकवीस सेकंदांसाठी मला पाऊण तास छत्री धरून उभे राहावे लागते, आणि त्या पाऊण तासाचे काय करावे याबद्दल त्या संशोधनात एक अक्षरही नाही.

वाघ्या जातीने चिहुआहुआ आहे. त्याचे नाव मी ठेवले, ते त्याला पाऊस दाखवण्यापूर्वी. दुसरी चिंगी, ही पॉमेरेनियन असून तिचे वजन सव्वादोन किलो भरते, त्यातही निम्मे केसच असावेत असा मला संशय आहे. दोघेही एरवी शूर आहेत. दाराची घंटा वाजली की वाघ्या अंगात आल्यासारखा भुंकतो. पण पहाटे दार उघडताच पावसाची एक तिरीप आत आली, की तो पुढचा एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवतो, तो ओला झाल्याची खात्री करून घेतो, पाय झटकतो आणि हा पाऊस मीच रात्री जागून पाडला असावा अशा नजरेने माझ्याकडे पाहतो. मग चारही पाय रोवून बसतो. एवढ्याशा कुत्र्याची श्वासनलिका नाजूक असते, त्यामुळे गळ्यातल्या पट्ट्याला हिसके देऊन त्याला ओढायचे नसते. आणि छातीला बांधायचा पट्टा वापरून ओढावे, तर तो फरशी पुसायच्या फडक्यासारखा पसरट होऊन मागून घसरत येतो. शेवटी मी त्याला उचलून नेतो, गवतावर ठेवतो आणि तो तत्काळ माझ्या बुटावर चढून उभा राहतो, कारण आसमंतात तेवढीच एक कोरडी जागा उरलेली असते. अशा वेळी माझा एक हात छत्रीत, दुसरा दोरीत आणि एक पाय वाघ्याखाली अडकलेला असतो. छत्री अर्थातच त्याच्यावर धरलेली असते.

न्यायाने बोलायचे, तर त्याची बाजू भक्कम आहे. शरीर जितके लहान, तितके वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्रफळ अधिक, आणि त्या मानाने अंगातली ऊब निसटून जाण्याचा वेगही अधिक. ज्या गवतात मोठ्या कुत्र्याचे फक्त पंजे भिजतात, ते वाघ्याच्या छातीला लागते, आणि त्याचे पोट म्हणजे जवळजवळ उघडी त्वचाच. मला कोणी भल्या पहाटे उघड्या अंगाने छातीइतक्या ओल्या गवतात उभे केले असते आणि वर छत्रीखालून “उरका” म्हणून फर्मावले असते, तर मीही दिवाणखान्यातल्या पुस्तकांच्या कपाटामागची कोरडी, शांत, वाऱ्यापासून सुरक्षित जागाच पसंत केली असती.

वाघ्याने नेमकी तीच पसंत केली होती, आणि ती त्याला शोधून देण्याचे श्रेय माझे आहे. तो लहान असताना एकदा त्याने खोलीच्या मधोमध तळे केले आणि मी मोठ्याने ओरडलो. जुन्या जाणत्या माणसांनी त्याचे नाक त्यात घासण्याचाही सल्ला दिला होता. तेवढा अविचार मी केला नाही, पण ओरडलो खरा. घरात हे करू नये, असा धडा मी देत होतो. त्याने घेतलेला धडा मात्र असा, की या माणसाच्या देखत हे करणे जिवावरचे काम आहे. म्हणून घरात तो माझी पाठ फिरण्याची वाट पाहू लागला, आणि बाहेर तर मी दोरीच्या दुसऱ्या टोकाला चोवीस तास हजर! भर पावसात तीस मिनिटे माझ्यासोबत निर्विकारपणे उभे राहायचे, घरी आल्यावर मी टॉवेल आणायला वळलो की कपाटामागे जाऊन यायचे आणि प्रसन्न चेहऱ्याने अंग पुसून घ्यायला उभे राहायचे, हा क्रम मी कित्येक दिवस त्याचा हट्ट समजत होतो. तो आज्ञाधारकपणा होता, हे समजायला मला फार वेळ लागला.

त्यात मी ती जागा उग्र वासाच्या अमोनियायुक्त द्रवाने घासून घासून धूत असे. माझ्या नाकाला ते लख्ख वाटे. अमोनियाचा वास मुळात लघवीच्या वासाच्या कुळातला, त्यामुळे जागा पुसल्याच्या समाधानात मी रोज नव्याने तिथे ‘येथे करावे’ अशी पाटीच लावत होतो. तो वास मुळापासून जायला विकरे, म्हणजे एन्झाइम, असलेला द्रव लागतो, हे पशुवैद्यांनी सांगेपर्यंत फरशीचा रंग उडाला होता.

चिंगीसाठी आम्ही घरातच जमिनीवर अंथरायच्या, लघवी शोषून घेणाऱ्या पॅडचा मार्ग पत्करला, आणि ती आठवडाभरात पारंगत झाली. फक्त तिने पॅडची व्याख्या स्वतः केली: जमिनीवर असलेली, चौकोनी आणि पायाला मऊ लागणारी कोणतीही वस्तू. या व्याख्येत पायपुसणे बसले, योगासनांची चटई बसली, आणि एका दुपारी मी तपासायला म्हणून पसरून ठेवलेला कार्यालयीन अहवालही बसला. बायकोने तो अहवाल दोन बोटांनी उचलून माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “अहो, हिचा अभिप्राय आलाय.”

याच सुमारास माझ्या वाचनात आणखी एक शोधनिबंध आला. सत्तर कुत्र्यांच्या हजारो विधींची नोंद ठेवून संशोधकांनी २०१३ साली असे मांडले होते, की पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र शांत असताना कुत्री शौचाला बसताना शरीर उत्तर-दक्षिण रेषेत ठेवणे पसंत करतात. (इग नोबेल यांनाही मिळाले, २०१४ साली, या पुरस्काराच्या समितीने कुत्री पाळलेली असावीत.) मला एकदम प्रकाश पडला. वाघ्या गवतावर गोल गोल फिरतो तो टाळाटाळ म्हणून नव्हे, तर दिशा साधायला! दुसऱ्या दिवशी मोबाइलवर होकायंत्र उघडून मी त्याला हळूच उचलून उत्तरेकडे तोंड करून ठेवले. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि तो बुटावर चढला. खिडकीतून बायकोचा आवाज आला, “अहो, तो गवत ओलं आहे म्हणून थांबलाय, मुहूर्त पाहून नाही!”

अखेरीस ज्याने गुण आला, ते इतके साधे होते की सांगायला संकोच वाटतो. खाल्ल्यानंतर पाव ते अर्ध्या तासात आतडी आपोआप हलू लागतात, म्हणून जेवणाच्या वेळा ठरवल्या आणि घड्याळ लावून बाहेर नेऊ लागलो. भिंतीलगत पागोळ्यांच्या आतल्या बाजूला गवताचा एक पट्टा अगदी बारीक कापून घेतला. बाहेर काही न करता परत आलेल्या वाघ्याला मोकळे न सोडता मांडीवर घेऊन बसायचे आणि दहा मिनिटांनी पुन्हा न्यायचे, असा नियम केला. या नियमाने माझ्या तीन विजारी खाल्ल्या, पण कपाटामागची जागा सुटली. काम झाल्याबरोबर, म्हणजे दोन-तीन सेकंदांच्या आत, तिथेच खाऊ द्यायचा. घरी आल्यावर दिला तर तो घरी आल्याबद्दलचा ठरतो. रेनकोटही आणले होते. ते चढवताच चिंगी जागच्या जागी पुतळा होते आणि काढेपर्यंत पापणीही हलवत नाही, तेव्हा ते आता खुंटीला शोभतात.

सर्वांत अधिक कष्ट छत्रीसाठी पडले. डोक्यावर छत्री उघडली की वाघ्या दचके, आणि तिच्या कापडावर थेंबांचा ताशा वाजू लागला की थरथरे. म्हणून घरातच, कोरड्या दिवशी, छत्री अर्धी उघडून जमिनीवर ठेवायची आणि तिच्याखाली खाऊ टाकायचा. मग पूर्ण उघडायची. मग हातात धरायची. मग व्हरांड्यात, मग त्या गवताच्या पट्ट्यावर. तीन आठवड्यांनी वाघ्या छत्री दिसताच शेपटी हलवत तिच्याखाली येऊ लागला आणि “उरका” हा शब्द उच्चारण्यापूर्वीच मागचा पाय वर करू लागला. एकवीस सेकंदही लागत नव्हते. मी त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवला. त्यांनी उत्तर दिले नाही.

ते कौतुक प्रत्यक्ष पाहायला म्हणा किंवा सहज म्हणा, गेल्या रविवारी थोरले मेहुणे आले. बाहेर धो धो पाऊस कोसळत होता. त्यांनी बूट काढले, नवी कोरी चामड्याची बॅग कपाटाला टेकवून ठेवली, आणि छत्री वाळावी म्हणून ती दिवाणखान्यात मधोमध, अगदी बॅगेला लागून, उघडून ठेवली.

वाघ्या उठला. शेपटी हलवत, जराही न घुटमळता तो छत्रीखाली गेला आणि त्याने पाय वर केला. नंतर बाहेर येऊन माझ्यासमोर ताठ बसला. मेहुणे बॅगेकडे पाहत होते, बायको माझ्याकडे पाहत होती आणि वाघ्या माझ्या खिशाकडे पाहत होता. माझ्याजवळ दोन-तीन सेकंद होते. मी खिशात हात घातला.